नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटावर जोगेश्वरी हे ठिकाण आहे. सहाव्या शतकात खडकाच्या पोटात कोरलेले विस्तीर्ण शैव लेणे ही या ठिकाणाची सर्वांत जुनी खूण होय. शंभर वर्षांपूर्वी जोगेश्वरी मुंबई शहरात मोडत नव्हती. १९५० साली शहराची हद्द साष्टीत शिरली, तेव्हा पश्चिमेच्या बाजूस ती जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली. १९५७ साली ती आणखी पुढे सरकून दहिसर व मुलुंड येथपर्यंत गेली. हद्दीबरोबर वस्ती वाढली. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी मिळेल तेथे निवारा उभारला. टेकडीच्या उतारावर, एवढेच नव्हे तर त्या प्राचीन लेण्याच्या भोवताली आणि माथ्यावरही घरे झाली. आता त्या बैठ्या घरांच्या व जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उठत आहेत.

जुनी वस्ती मोडून नवी वसवायची, तर काही प्रश्न अटळपणे उभे राहतात. रस्ता कोठून न्यावा? कोणाचे घर पाडावे आणि कोणाचे राखावे? विहीर, वड, देऊळ, मशीद, मुलांचे खेळण्याचे अंगण यांचे काय करावे? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, हे सारे ठरवताना तेथे राहणाऱ्या माणसांना विचारावे की न विचारावे? या प्रश्नाचा विचार करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, आणि त्यासाठी हिंदुस्थानातील कित्येक नगरे पायांखाली घातली, त्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेतले पाहिजे.

गेडिस या देशात येण्यापूर्वी येथील परिस्थिती कशी होती, हे आधी पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि कित्येक हजार शहर सोडून पळाली. कोंदट चाळी आणि अरुंद गल्ल्या हे रोगाचे माहेरघर आहे असे सरकारने मानले, आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन केली. या ट्रस्टने मोठमोठे रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या. त्यांचा लाभ मुंबईला आजही होत आहे. परंतु रस्त्याच्या आड आलेल्या वस्त्यांवर मात्र कुदळ पडली. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे अपुरी ठरली, आणि घर गमावलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरून तेथील गर्दी दुप्पट करू लागली. पुण्यात तर १८९७ साली सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या आणि त्यामुळे केवढा क्षोभ झाला, हे इतिहासात नमूद आहे. हेतू रोगनिवारणाचा असला, तरी ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांनाच वगळून ते केले गेले.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे सैन्यात होते. पॅट्रिक हे घरातील शेंडेफळ. ते लहान असतानाच कुटुंब पर्थ या नगराजवळ टेकडीवरच्या एका घरात राहावयास गेले. त्या घराला बाग होती आणि अंगणातून खालचे सारे नगर, त्यातून वाहणारी नदी आणि भोवतालची शेते एका दृष्टिक्षेपात दिसत. वडिलांबरोबर बागेत राबताना पॅट्रिकला झाडांची गोडी लागली आणि टेकडीवरून नगर न्याहाळताना नगराची. बागेतील झाड जसे माती, पाणी आणि ऊन यांवाचून समजत नाही, तसे नगरही त्याच्या भूमीवाचून आणि माणसांवाचून समजत नाही, हा विचार त्यांच्या मनात पुढे दृढ झाला. त्याचे बीज या अंगणातच रुजले होते.

वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी काही काळ पेढीत उमेदवारी केली. पण आकड्यांत त्यांचे मन रमले नाही. वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरोच्या विद्यापीठात गेले, परंतु तेथील रुक्ष अध्यापन पाहून एका आठवड्यातच परत फिरले. पुढे लंडनला टॉमस हक्स्ली या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. आश्चर्याची गोष्ट अशी की, या विद्वानाने विद्यापीठाची एकही पदवी संपादन केली नाही. तरीसुद्धा १८८८ साली डंडी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले आणि ते त्यांनी १९१९ पर्यंत सांभाळले.

त्यांच्या तारुण्यात एक मोठे संकट आले. १८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिको देशात गेले असता त्यांचे डोळे बिघडले. वैद्यांनी कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावयास सांगितले. सूक्ष्मदर्शक यंत्रातून निरीक्षण करणे हेच ज्याचे जीवितकार्य, त्याच्यावर याहून मोठा आघात तो कोणता! पण गेडिस खचले नाहीत. खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरवता फिरवता त्या चौकटींत विचारांची मांडणी करता येईल, असे त्यांना सुचले. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात एकेक विषय मानायचा आणि त्यांचा परस्परसंबंध शोधायचा, ही त्यांची आवडती पद्धत त्या अंधारात जन्मली. दृष्टी पुन्हा आली, पण यंत्रावर तासन्‌तास काम करणे यापुढे शक्य नव्हते. तेव्हापासून पेशींच्या ठिकाणी माणसांचा समाज हा त्यांच्या निरीक्षणाचा विषय झाला.

१८८६ साली ॲना मॉर्टन या सुशील व संगीतनिपुण युवतीशी त्यांचा विवाह झाला. एडिंबरो नगराच्या नव्या भागात सुखवस्तू लोक राहत, तर जुना भाग गरिबांच्या दाटीने भरला होता. अंधारे जिने, गळकी छपरे, घाणीने तुंबलेली अंगणे अशी त्याची अवस्था. या वस्तीविषयी हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ होते. पण हे नवपरिणित दांपत्य जेम्स कोर्ट नावाच्या तेथील एका आवारात स्वतःच राहावयास गेले! दोघांनी प्रथम आपली खोली झाडली, भिंतींना रंग दिला, खिडकीत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. शेजारी प्रथम नवलाने पाहू लागले. मग त्यांच्याशी बोलणे झाले, ओळख वाढली आणि एकेक करून तेही हाती झाडू व रंगाचा कुंचला घेऊन पुढे आले. ओसाड जागी लहान लहान बागा झाल्या. जुन्या इमारती शक्य तेवढ्या दुरुस्त करून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती सोपवण्यात आला.

या अनुभवातून गेडिस यांना दोन गोष्टी उमगल्या. पहिली ही की, दरिद्री वस्तीत राहणारी माणसे अडाणी किंवा आळशी असतात ही समजूत खोटी आहे. आपल्या वस्तीची व्यंगे आणि गुण त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसतात. दुसरी ही की, वस्ती म्हणजे केवळ विटा आणि चुना नव्हे. शेजारधर्म, रोजगार, सणवार, आठवणी यांचे एक अदृश्य जाळे तिच्यात विणलेले असते. भिंत पाडली तर पुन्हा बांधता येते. हे जाळे एकदा तुटले की ते जुळवण्यास पिढी लागते.

नागरिकांना आपल्या नगराचे ज्ञान व्हावे म्हणून त्यांनी १८९२ साली एडिंबरो येथे एक जुना मनोरा ताब्यात घेतला. प्रेक्षकाला प्रथम थेट माथ्यावर नेत. तेथे भिंगांच्या योगाने सभोवतालच्या नगराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर उमटे. मग एकेक मजला उतरताना आपले नगर, आपला देश, युरोप आणि अखेर सारे जग यांविषयीची चित्रे व नकाशे दिसत. ज्याला स्वतःची गल्ली कळली, त्याला जगही कळू लागते, असा त्यामागील आशय होता.

१९१५ साली प्रसिद्ध झालेल्या नगरविकासावरील आपल्या ग्रंथात गेडिस यांनी एक रीतच सांगून ठेवली. नगररचनेचा आराखडा करण्यापूर्वी त्या नगराची पुरती पाहणी झाली पाहिजे. त्याची भूमी, पाणी, इतिहास, धंदे, लोकवस्ती यांचे नकाशे आणि चित्रे तयार करून त्यांचे प्रदर्शन गावातच मांडले पाहिजे, म्हणजे लोक ते पाहतील, चुका दाखवतील आणि भर घालतील. त्यानंतर आराखडा करावा, तोही लोकांपुढे ठेवावा आणि त्यांची टीका ऐकून मगच तो पक्का करावा. वैद्य ज्याप्रमाणे नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, त्याप्रमाणे नगररचनाकारानेही निदानावाचून उपचार करू नये, असा त्यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण ज्या काळी आराखडे कचेरीत बंद दाराआड होत आणि लोकांना ते घर पाडण्याची नोटीस आल्यावरच कळत, त्या काळी ती क्रांतिकारक होती.

गेडिस यांच्या नगरप्रदर्शनाची कीर्ती ऐकून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हिंदुस्थानात बोलावले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, त्याच सुमारास ते इकडे निघाले. त्यांनी आयुष्यभर जमवलेले नकाशे व चित्रे ‘क्लॅन ग्रँट’ या दुसऱ्या जहाजात होती. हिंदी महासागरात धुमाकूळ घालणाऱ्या ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि सारा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला! साठ वर्षांचा दुसरा एखादा गृहस्थ तेथूनच परतला असता. गेडिस यांनी मायदेशी मित्रांना पत्रे धाडली. मित्रांनी घाईघाईने नवी सामग्री गोळा करून पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेदेखील.

यानंतरच्या वर्षांत गेडिस यांनी मद्रास इलाख्यातील गावे, लाहोर, लखनौ, बलरामपूर, कपुरथळा, बडोदे अशी अनेक नगरे पाहिली. मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेविषयीही त्यांनी १९१५ साली अहवाल लिहिला. त्यांची कामाची तऱ्हा इतर अधिकाऱ्यांहून निराळी होती. पहाटे उठून, हाती नकाशा घेऊन ते पायी निघत. उन्हाची पर्वा न करता गल्लीबोळांतून हिंडत आणि नकाशात नसलेली गोष्ट दिसली की तेथेच टिपून घेत. कोठे पडके घर आहे, कोठे विहीर, कोठे पार, कोठे सावली देणारा वृक्ष, कोठे देवळासमोरची मोकळी जागा, हे सारे त्यांच्या नकाशावर उमटे. अंगणातले तुळशीवृंदावन पाहून त्यांना विशेष आनंद होई. ज्या घरी तुळशीची निगा राखली जाते त्या घरच्या गृहिणीपाशी स्वच्छतेचे आणि सौंदर्याचे भान आधीच आहे. नगरसुधारणेचा आरंभ या भानापासून करावा, असे ते मानीत.

त्या काळच्या अभियंत्यांचा कल पट्टी घेऊन नकाशावर सरळ रेघा ओढण्याकडे असे. रेघेखाली आलेली घरे पाडायची, की झाला सरळ रस्ता! गेडिस यांनी याच्या उलट मार्ग दाखवला. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या गल्ल्या वाकड्या असल्या तरी निरर्थक नसतात. त्या सावली देतात आणि माणसांच्या नित्याच्या वाटा सांगतात. अगदी पडायला आलेली थोडी घरे काढली, कोठे एखादा ओटा मागे सरकवला, मोकळ्या झालेल्या जागी झाडे लावली, तर हवा आणि उजेड पुरेसा मिळतो आणि बहुतेक कुटुंबे जागच्या जागी राहतात. निष्णात शल्यवैद्य जसा रोगी भाग तेवढाच कापून निरोगी अवयव जपतो, तशी ही शस्त्रक्रिया होय. मराठ्यांची राजधानी राहिलेल्या तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीसाठी त्यांनी अशीच योजना सुचवली आणि सरळ रस्ते काढण्याच्या मूळ योजनेपेक्षा ती कितीतरी कमी खर्चात होते, हे हिशेबाने दाखवून दिले. हिवतापाच्या भयाने गावोगावची तळी बुजवण्याचा सपाटा चालला होता, त्यासही त्यांनी विरोध केला. तळ्यात मासे सोडावेत, म्हणजे ते डासांची अंडी-पिल्ली खातील आणि गावाचे पाणीही राहील, असा त्यांचा सल्ला होता.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात अत्यंत दुःखाचे ठरले. त्यांचा थोरला मुलगा ॲलस्डेर हा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ही वार्ता आली तेव्हा पत्नी ॲना हिंदुस्थानातच आजारी होत्या. त्यांना हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली. आणि पुत्राच्या मृत्यूची वार्ता न कळताच त्या साध्वीने डोळे मिटले. जेम्स कोर्टच्या अंधाऱ्या जिन्यापासून जिने साथ दिली ती सहचारिणी आणि कर्तासवरता मुलगा अशी दोन माणसे अवघ्या काही महिन्यांत गेली. दुःख उरात दाबून गेडिस पुन्हा कामास लागले.

या सुमारास होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला काम करत होते. मराठी माणसांचे हे माळव्यातील नगर तेव्हा प्लेगने त्रस्त झाले होते. गेडिस नेहमीप्रमाणे नकाशा घेऊन हिंडू लागले. पण लोक त्यांना पाहताच दारे लावून घेत, मुले भिऊन पळत. चौकशी केली तेव्हा कारण कळले. नकाशा घेऊन साहेब आला की पाठोपाठ घरे पाडणारे येतात, हे लोकांनी अनुभवले होते. हा म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो, अशीही वदंता पसरली होती! दुसरा कोणी असता तर लोकांच्या अज्ञानाला हसला असता किंवा शिपाई बरोबर घेऊन हिंडला असता. गेडिस यांनी मात्र दोष लोकांकडे नसून आपल्याकडे आहे असे मानले. ज्यांच्या घरांचा आराखडा करायचा त्यांचा विश्वासच नसेल, तर तो आराखडा कितीही उत्तम असला तरी काय कामाचा?

पुढे जे घडले त्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत मोठ्या रंजकतेने सांगितलेली आढळते. एका दिवसापुरते नगराचे राज्य आपल्या हाती द्यावे, अशी विनंती गेडिस यांनी केली आणि महाराजांनी ती मान्य केली. दिवाळी जवळ आली होती. गेडिस यांनी जाहीर केले की, या वर्षी नगरात अपूर्व मिरवणूक निघेल. ती कोणत्या रस्त्याने जाणार? हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने नव्हे आणि मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गानेही नव्हे. ज्या रस्त्यावरील अधिकांत अधिक घरे झाडून, सारवून, दुरुस्त होतील, त्याच रस्त्याने! आणि कचरा उचलून नेण्याचा खर्च दरबार सोसेल.

ही बातमी ऐकून नगरात चैतन्य संचारले. मिरवणूक आपल्याच आळीतून जावी म्हणून आळीआळींत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साचलेला केरकचरा घराघरांतून आणि परसांतून बाहेर निघाला. तो वाहून नेण्यास हजारो गाड्या लागल्या. उंदरांचा फडशा पडला. भिंती रंगल्या, दारापुढे सडे पडले. कोणत्याही हुकुमाने जे झाले नसते, ते लोकांनी आपण होऊन केले.

दिवाळीच्या दिवशी मिरवणूक निघाली. प्रारंभी घोडे, उंट, हत्ती यांचे वैभव होते. मग वाद्यांचे सूर विषण्ण झाले आणि दुर्दशेचे देखावे आले : कोसळणारी घरे, रोगाचे राक्षस, एक प्रचंड डास आणि प्लेगचा महाकाय उंदीर. त्यामागून सूर पुन्हा आनंदाचे झाले आणि नगराचे खरे रक्षक अवतरले. ते होते झाडूवाले! स्वच्छ पांढरी वस्त्रे, नव्या पागोट्या, गळ्यांत फुलांच्या माळा, रंगवलेल्या गाड्या आणि शिंगे रंगवलेले बैल. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्या माणसांना नगराच्या प्रमुखांबरोबर त्या दिवशी मानाचे स्थान मिळाले. पाठोपाठ इंदूर नगरीची देवता आली आणि तिच्यामागून, नगर कसे होऊ शकेल हे दाखवणाऱ्या नव्या घरांच्या, बागांच्या आणि ग्रंथालयाच्या प्रतिकृती. आराखडा असा कचेरीतून निघून रस्त्यावर आला आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही तो समजला. मिरवणुकीच्या शेवटी घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली आणि रावणाबरोबर प्लेगच्या उंदराचेही दहन झाले.

साथ ओसरली. ऋतू बदलल्यामुळेही ती ओसरली असेल, हे सत्य गेडिस जाणून होते. परंतु भीती गेली आणि तिच्या जागी उमेद आली, हे यश निःसंशय त्यांचे होते. प्लेग आणणारा साहेब आता प्लेग घालवणारा ठरला. त्याच्यासाठी बंद झालेली दारे उघडली. लोक स्वतःच त्याला घेऊन आपली विहीर, आपले अंगण, आपली गळती छपरे दाखवू लागले. या भ्रमंतीतून १९१८ साली इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल सिद्ध झाला. त्यात वस्त्यांची सुधारणा, गिरणी-कामगारांची घरे, खान व सरस्वती या नद्यांचे काठ, बागा आणि विद्यापीठ या सर्वांचा साकल्याने विचार आहे.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापन सुरू झाले आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांची नियुक्ती झाली. विद्यार्थ्यांनी पुस्तकाआधी शहर वाचावे, असा त्यांचा परिपाठ होता. मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिस यांना पसंत पडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाता आले. १९२४ साली गेडिस यांच्यामागे घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० साली लिहिले. रवींद्रनाथ टागोरांशीही त्यांचा स्नेह होता.

प्रकृती साथ देईना तेव्हा ते फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए येथे जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक विद्यालय उभारले. तेल अवीव या नव्या नगराचा आराखडा त्यांनी १९२५ साली तयार केला. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथेच त्यांनी देह ठेवला.

गेडिस यांच्या कार्यात उणिवा नव्हत्या असे नाही. त्यांची लेखनशैली दुर्बोध होती, बोलणे अनेकदा भरकटे. त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरांतच पडून राहिले. लोकांचे मन जाणून घेण्याची त्यांची हातोटी विलक्षण असली, तरी अखेरचा निर्णय दरबाराचा किंवा सरकारचाच असे. नकार देण्याचा अधिकार लोकांना नव्हता. इंदूरची ती मिरवणूकसुद्धा महाराजांच्या संमतीवाचून निघाली नसती. कोणा थोर पुरुषाच्या सद्‌भावनेवर जे अवलंबून असते, ते त्याच्याबरोबर निघून जाण्याचे भय असते. म्हणून लोकांना विचारण्याची रीत कायद्यात उतरावी लागते.

ती काही अंशी उतरली आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून त्यांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिकांनी नकाशे उघडून आपापली गल्ली शोधली आणि चुका दाखवून दिल्या. कोठे रस्ता, कोठे वास्तू चुकीची दाखवली होती. हरकतींचा असा पूर लोटला की शासनाला तो मसुदा बाजूस ठेवून नव्याने तयार करवून घ्यावा लागला, आणि सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. झोपडपट्टीच्या पुनर्वसनासाठीही रहिवाशांची संमती लागते. पूर्वी ती शेकडा ७० जणांची असावी लागे. पुढे ते प्रमाण शेकडा ५१ वर आणण्यात आले. काम लवकर व्हावे हा त्यामागील हेतू. परंतु उरलेल्या शेकडा ४९ जणांचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

जोगेश्वरीच्या टेकडीवर जेव्हा एखादी नवी योजना येते, तेव्हा तेथील रहिवाशांपुढे हाच प्रश्न असतो. कागदावर सही मागणे आणि मत विचारणे यांत फार अंतर आहे. उंच इमारतीत वृद्धांनी वर कसे जावे, घरी शिवणकाम किंवा पापड लाटणे करणाऱ्या स्त्रीने वाळवण कोठे घालावे, शेजारी शेजारी राहिलेली कुटुंबे एकत्र राहतील काय, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेले ते प्राचीन लेणे सांभाळून वस्तीला सुखाने कसे नांदता येईल, या प्रश्नांची उत्तरे नकाशात सापडत नाहीत. ती त्या गल्लीत राहणाऱ्यांपाशी असतात. त्यांना ती विचारावी लागतात. आणि रहिवाशांनीही सभेस जाऊन, आराखडा समजून घेऊन, निर्भयपणे ती सांगावी लागतात.

पॅट्रिक गेडिस यांनी आखलेले रस्ते आणि बागा आज शोधू गेल्यास थोड्याच सापडतील. परंतु आपली वस्ती निरखून पाहावी, तिचा नकाशा स्वतः काढावा, तिच्यातील विहीर, वृक्ष, पार आणि पडकी भिंत यांची नोंद ठेवावी, आणि तिच्या भवितव्याविषयी आपले मत सर्वांसमक्ष मांडावे, ही शिकवण त्यांनी मागे ठेवली आहे. या शिकवणीप्रमाणे जे नागरिक वागतात, त्यांची नगरे निरोगी राहतात, असा या नगरवैद्याचा अढळ विश्वास होता.